चेक इंजिनचा दिवा रीसेट केला की जातो, चार दिवसांनी परत येतो

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. कोणीतरी सांगतं, बॅटरीची काळी वायर काढ आणि अर्ध्या तासाने लाव. काढली, लावली, दिवा गेला, जीव भांड्यात पडला. मग कधी चार दिवसांनी, कधी पहिल्या पावसात, कधी घाट चढताना दिवा पुन्हा हजर. पुन्हा वायर, पुन्हा अर्धा तास. यावर वर्ष-वर्ष काढणारी मंडळी प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतात. गाडी चालतेय ना, मग घाई कोणाला?

रीसेटला माझा विरोध नाही. घरी करता येतो, दहा नंबरचा पाना पुरतो, आणि दुरुस्ती झाल्यावर तो करायलाच हवा. पण दुरुस्तीआधी केलेला रीसेट म्हणजे पोरगं रडतंय म्हणून खोलीचं दार लावून घेणं. त्यातही एक कामाची गोष्ट आहे, जी फारसं कोणी बघत नाही: रीसेटनंतर दिवा किती वेळात आणि कुठल्या परिस्थितीत परत येतो, यावरून बिघाड कुठे आहे याचा बराच अंदाज घरबसल्या लागतो. म्हणून रीसेट कसा करायचा हे सांगतोच, पण जास्त वेळ त्याच्या पुढच्या भागावर घालवणार आहे.

आधी दिवा कोणता ते बघा

पिवळा आणि स्थिर असेल तर घाबरू नका, घरी पोचा. पिवळा पण लुकलुकत असेल तर पाय उचला. इंजिन जोरात मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, भाजून निघतोय. रेस न देता, हळूहळू जवळच्या सुरक्षित जागी न्या. हायवेवर असाच पन्नास किलोमीटर रेटलात तर शे-दोनशेच्या प्लगचं काम कन्व्हर्टरच्या हजारोंच्या बिलात जाऊ शकतं.

लाल तेलाची किटली, लाल थर्मामीटर, लाल बॅटरी यांचा रीसेटशी काही संबंध नाही. किटली लागली तर इंजिन तिथेच बंद. एअरबॅगचा दिवा वेगळ्या मॉड्यूलचा असतो, बॅटरी काढून त्याची नोंद जात नाही, आणि त्याच्या पिवळ्या कपलरना (वायरी जोडणाऱ्या प्लगांना) घरी हात लावू नये.

बॅटरी काढून नेमकं काय पुसलं जातं

ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या डब्यात, ज्याला काही जण ईसीयू म्हणतात, कंपनीने भरलेला प्रोग्राम असतो. तो वायर काढून कुठे जात नाही. त्याशिवाय गाडी चालता चालता डबा स्वतः काही गोष्टी शिकतो: थ्रॉटलवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) कार्बन साचलाय तर स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, फ्लॅप किती उघडा ठेवायचा, ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी सोडायचं (यालाच ट्रिम म्हणतात), ऑटोमॅटिक असेल तर गिअर कसे बदलायचे. वायर काढली की यातलं बरंच पुसलं जातं. जुन्या गाड्यांत बिघाडाचे कोडही जातात.

नव्या गाड्यांत मात्र कोड अशा मेमरीत लिहिले जातात जिला करंट लागतच नाही. म्हणून बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांतल्या, गाडीवाले तक्रार करतात की रात्रभर वायर काढून ठेवली तरी दिवा तसाच. त्यात बिघडलेलं काही नाही. तिथे स्कॅनरच, म्हणजे कोड वाचणारं आणि पुसणारं यंत्रच, लागतो.

आणि एक. बिघाड खरोखर गेला असेल तर दिवा आपोआपही विझतो. लागोपाठ तीन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) डब्याची तपासणी नीट पार पडली की दिवा जातो, आणि पुढे ४० वॉर्म-अप सायकल बिघाड दिसला नाही तर कोडही पुसला जातो. वॉर्म-अप सायकल म्हणजे कूलंटचं तापमान सुरुवातीपेक्षा निदान २२ अंशांनी वाढून ७० अंशांपर्यंत पोचणं. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गाडी नेणाऱ्यांची ना तपासणी पार पडते, ना ही सायकल पूर्ण होते, म्हणून त्यांचा दिवा महिनोन्‌महिने मुक्कामाला असतो.

पुसण्याआधी लिहून ठेवा

भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात लागणारा ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळतो. आयफोनवाल्यांनी घेताना बघून घ्यावा, साध्या ब्लूटूथचा चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा लागतो. फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाका आणि चावी ऑन करून कोड वाचा.

तीन गोष्टींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पक्का झालेला कोड. पेंडिंग कोड, म्हणजे एकदा दिसलेला पण अजून दिवा लावण्याइतका खात्रीचा न झालेला. आणि तिसरी, सगळ्यात मोलाची: फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, गाडीचा वेग किती, कूलंट किती तापलेलं, पेट्रोलचा ट्रिम किती, हे सगळं तिथे जपून ठेवलेलं असतं. कोड पुसलात, किंवा जुन्या गाडीत बॅटरी काढलीत, की हे गेलं. मग गॅरेजमध्ये तुम्ही म्हणणार, ‘कधीतरी लागतो हो दिवा,’ आणि फिटर म्हणणार, ‘सेन्सर बदलून बघू.’

काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. कायम लावून ठेवला तर काही गाड्यांत हळूहळू बॅटरी पितो.

सेन्सरच्या आधी व्होल्टेज

चेक इंजिनसोबत एबीएस, स्टिअरिंग आणि आणखी एखादा असे तीन-चार दिवे एकदम लागले, तर तीन-चार सेन्सर एकाच सकाळी मेले असं कोणी समजू नका. बॅटरी नाहीतर अर्थिंग. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की एकेक मॉड्यूल गोंधळतं आणि एकमेकांशी संपर्क तुटल्याचे, यू अक्षराने सुरू होणारे कोड पडतात.

मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीचे दिवस भरले. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ मिळतात. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच कमी-जास्त करतो, तेव्हा तिथे एका आकड्यावर अडून बसू नका.

अर्थिंग तपासायची युक्ती सोपी आहे. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा बोल्ट ढिला आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने ही पट्टी आतून हिरवी होते आणि वरून दिसतसुद्धा नाही. बोल्ट काढायचा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासायच्या, घट्ट आवळायचं. कोड वारंवार येणाऱ्या जुन्या गाडीत मी पहिला हात इथेच घालतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर वायरी काढल्यावर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवा. फसफसून निघून येते. कोरडं करून टर्मिनल आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आवळण्याआधी व्हॅसलीन नको.

आता रीसेट

स्कॅनर असेल तर सरळ मार्ग: इंजिन बंद, चावी ऑन, ‘कोड पुसा’. झालं. घड्याळ, रेडिओ, खिडक्या कशालाच धक्का लागत नाही. शिकलेले ट्रिम मात्र प्रत्येक गाडीत यानेही जातातच असं नाही.

बॅटरीचा मार्ग असा. स्टिरिओला कोड लागतो का ते आधी बघा. काही जुन्या गाड्यांचे कंपनी स्टिरिओ बॅटरी तुटली की कोड मागतात आणि तो कागद नेमका गाडीच्या पहिल्या मालकाकडे असतो. चावी काढून खिशात ठेवा, गाडीत नको. एक खिडकी उघडी ठेवा, कारण सेंट्रल लॉक मध्येच काही करू शकतं. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा म्हणजे सगळी मॉड्यूल झोपी जातील. मग दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर. पॉझिटिव्हपासून सुरुवात केलीत आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. काढलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, ती स्प्रिंगसारखी परत खुंटावर जाऊन बसते. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याला धरून ओढू नका, पक्कड लावून पिळू तर नकाच.

ब्रेकचं पेडल थोडा वेळ दाबून धरा म्हणजे राहिलेला करंट उतरेल. अर्धा तास पुरे. काही व्हिडिओंत दोन्ही वायरी काढून त्यांची टोकं एकमेकांना जोडायला सांगतात. गरज नाही, आणि घाईत कोणी एक वायर बॅटरीवर राहू दिली तर काय होईल ते सांगायला नको. जुन्या फिटरांची आणखी एक सवय, चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची, ती ईसीएमच्या गाडीत साफ बंद. तेव्हा उसळणारं व्होल्टेज डबा जाळू शकतं.

वायर लावल्यावर गाडी वेड्यासारखी वागते, ते का

लगेच सेल्फ मारू नका. चावी ऑन करून दहा-पंधरा सेकंद थांबा. कान दिलात तर कित्येक गाड्यांत बॉनेटखालून थ्रॉटलची बारीक किर्र ऐकू येते, फ्लॅप आपली बंद आणि उघडी टोकं तपासत असतो. मग एसी, दिवे, पंखा सगळं बंद ठेवून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत स्लोवर चालू द्या. नंतर एसी लावून आणखी काही मिनिटं. पार्किंग बंदिस्त असेल तर हे बाहेर उघड्यावर करा.

पहिले काही किलोमीटर स्लो खाली-वर होणं, सिग्नलला एखाद्या वेळी बंद पडणं, गिअर बदलताना झटका हे चालतं. शहरात थोडं, मोकळ्या रस्त्यावर थोडं चालवलं की बसतं. दोन-तीन दिवसांत बसलं नाही तर थ्रॉटल घाण आहे किंवा त्या मॉडेलला स्कॅनरनेच थ्रॉटल शिकवावा लागतो. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर स्लो वाढलेली दिसते तीही याचमुळे: डब्याला जुना कार्बन लक्षात असतो, तो गेलाय हे माहीत नसतं. इथे रीसेट खरंच औषध आहे.

खिडकीची काच एका दाबात वर जात नसेल तर ती पूर्ण खाली करा, मग बटण ओढून पूर्ण वर न्या आणि वर गेल्यावरही काही सेकंद धरून ठेवा. स्टिअरिंगचा किंवा घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लागला तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि गाडी थोडी सरळ चालवा, बहुतेक वेळा जातो. एएमटी (क्लचचं पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीत क्लच नीट लागत नसेल तर घरी खटपट करू नका, त्याचं शिक्षण स्कॅनरनेच होतं.

दिवा परत आला. किती वेळात?

चावी ऑन करताक्षणी किंवा सेल्फ मारल्यावर लगेच परत आला, तर बिघाड विजेचा. वायर तुटलीय, कपलर निघालाय, सेन्सर पूर्ण मेलाय. डबा हे सर्किट सतत बघत असतो, त्याला गाडी चालवून खात्री करायची गरज नसते. अशा वेळी बॉनेट उघडून कोडात सांगितलेल्या सेन्सरच्या वायरीवरून बोट फिरवत जा. आपल्याकडे याचं एक नंबरचं कारण उंदीर. पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की गरम इंजिनाशेजारी येऊन बसतात आणि वायरीचं प्लास्टिक कुरतडतात. इंजिनावर किंवा बॅटरीच्या ट्रेमध्ये लेंड्या, शेंगदाण्याची टरफलं, कापसाचे बोळे दिसले की सेन्सर बदलायचा विषय संपला. कुरतडलेली वायर नुसती पीळ देऊन टेप गुंडाळू नका, सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात तोच कोड. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवणारे आहेत. माझ्या मते आठवड्यात वास उडतो आणि उंदीर परत येतात. जाळी बसवलेली बरी.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर येतो? कपलरमध्ये पाणी. कपलर सोडवा, आतल्या पिना हिरव्या झाल्यात का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि आतली रबरी रिंग जागेवर आहे का तेही बघा. प्लगच्या विहिरीत पाणी साचूनही मिसिंग होतं.

एक-दोन दिवसांनी, थोडं चालवल्यावर येत असेल तर बिघाड चालण्यातला आहे. असा बिघाड डबा एका फेरीत मान्य करत नाही, बहुतेक गाड्यांत दोन किंवा तीन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लावतो. याच अवधीत पेंडिंग कोड दिसतो, म्हणून दिवा लागण्याची वाट न बघता दुसऱ्या दिवशीच स्कॅनर लावा. इथे दोन टोळ्या भेटतात.

पहिली टोळी मिसफायरची, म्हणजे मिसिंगची, पी०३०० ते पी०३०४. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरवर, शेवटचा आकडा असेल तर त्या नंबरच्या सिलिंडरवर. समजा पी०३०२ आला. इंजिन थंड असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज पुरवते ती) अदलाबदल करा, कोड पुसा, चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली, हजार शंका मिटल्या. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग तसंच प्लगचं करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे गॅरेज. चारही कॉइल एकदम बदलायला सांगणाऱ्याला ही अदलाबदल करून दाखवायला सांगा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीतच हे जमतं, हे लक्षात असू द्या.

दुसरी टोळी पी०१७१ची, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा आणि दोन्हींची बेरीज करा. दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. पंचविशीच्या आसपास गेलं की कोड पडतो. आता गरम इंजिनावर स्लोचा ट्रिम लिहा, मग २,५०० आरपीएम धरून पुन्हा लिहा. हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत स्लोला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर सुधारत असेल तर कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय: फाटलेली रबरी होज, एअर फिल्टर बदलताना ढिला राहिलेला क्लॅम्प, मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचं, गॅस्केट. उलट रेस दिल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही, पंप किंवा फिल्टर बघा.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र मास एअर फ्लो नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळतीची हवाही दाबात मोजली जाते, पेट्रोल तेवढं वाढतं, आणि ट्रिम बिघडण्याऐवजी स्लोच वाढते. कोड पडला तर पी०५०७. अशा गाडीत पी०१७१ आला की होज शोधत बसण्याआधी पेट्रोलचा दाब, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडची सायलेन्सरची गळती बघावी. परदेशी व्हिडिओ बघून व्हॅक्यूम लीक शोधण्यात रविवार घालवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

ई-२० पेट्रोलचा प्रश्न हल्ली सगळे विचारतात. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलं की साधारण १३.५. म्हणजे १० टक्के इथेनॉलच्या ई-१० च्या तुलनेत चारेक टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं. निरोगी गाडीचा ट्रिम तेवढा सहज झेलतो. पण इंजेक्टर घाण होऊन ट्रिम आधीच वीसला टेकलेला असेल तर तेवढ्यानेही दिवा लागू शकतो.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीचा मामला निराळा. किटचं ट्यूनिंग नीट नसेल तर गॅसवर चालताना गाडीचा मूळ ईसीएम चुकीचे ट्रिम शिकत राहतो. मग पेट्रोलवर टाकलं की गाडी अडखळते, धूर मारते, कधी पी०१७१ तर कधी उलटा पी०१७२ येतो. कोड पुसा, आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा. दिवा आला नाही तर दोष किटच्या ट्यूनिंगचा, ज्याने बसवलं त्याच्याकडे लॅपटॉप लावून ते नीट करून घ्या. तोपर्यंत केलेला प्रत्येक रीसेट वाया. गॅसवरच मिसिंग येत असेल तर आधी प्लग बदला. सीएनजी पेटायला ठिणगी जास्त जोराची लागते, पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर उघडा पडतो.

आठवड्या-दोन आठवड्यांनी येणारा दिवा बहुधा अशा तपासणीतला असतो जी डबा ठराविक वेग, ठराविक तापमान मिळाल्यावरच करतो. शहरात अडकलेल्या गाडीत ती परिस्थिती लवकर येत नाही आणि एक दिवस एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याच्या पुढे दिवा लागतो. यातला नेहमीचा पाहुणा पी०४२०, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. लगेच कन्व्हर्टरचे पैसे मोजू नका. गरम इंजिनावर २,५०० आरपीएम धरून कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. जवळपास स्थिर, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास असेल तर कन्व्हर्टर जिवंत आहे, सायलेन्सरची गळती किंवा जुना मिसफायर शोधा. पुढच्या साध्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ असा नाचत असेल तर मात्र तो संपलाय, आणि नवा बसवण्याआधी जुना का मेला ते शोधणं भाग आहे. ऑइल खाणाऱ्या इंजिनावर नवाही टिकणार नाही.

आणखी एक खास आपल्याकडचा कोड: पी०१२८, इंजिन पुरेसं तापत नाही. थंडीत किंवा लांब घाट उतरल्यावर येतो. याचा उगम पुष्कळदा काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात असतो. तेव्हा गाडी गरम झाली होती, कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकून प्रश्न मिटवला होता. आता इंजिन कायम अर्धवट थंड, पेट्रोल जास्त, ॲव्हरेज खाली, आणि तपासणी पार पडत नसल्याने दिवा आपोआप विझण्याचा रस्ताही बंद. थर्मोस्टॅट स्वस्त असतो, परत बसवून घ्या.

पीयूसीच्या आदल्या दिवशी रीसेट?

भारतात उपयोग नाही. पीयूसीला पेट्रोल गाडीच्या नळीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलचा धूर मोजतात. ओबीडीच्या सॉकेटला कोणी हात लावत नाही. उलट नुकत्याच रीसेट केलेल्या गाडीचे ट्रिम बसलेले नसतात, तेव्हा चार दिवस चालवूनच न्या.

अमेरिकेत राहणाऱ्यांचं नेमकं उलटं. तिथे १९९६ पासूनच्या गाड्यांचं स्मॉग टेस्टिंग बऱ्याच राज्यांत सॉकेटमधूनच होतं, आणि रीसेट केल्यावर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे डब्याने कुठल्या तपासण्या पूर्ण केल्या याच्या नोंदी, रिकामे दिसतात. फार मॉनिटर अपूर्ण असतील तर टेस्ट होतच नाही. शिवाय २०१० च्या आसपासपासूनच्या मॉडेलांत पर्मनंट कोड असतात, ते बॅटरीनेही जात नाहीत आणि स्कॅनरनेही, गाडीने स्वतः खात्री केल्यावरच जातात.

इथे घरी हात लावू नका

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत साध्या पेट्रोल गाडीचं हे बॅटरीचं तंत्र वापरू नका, नारिंगी वायरींच्या जवळपासही जाऊ नका. बीएस-६ डिझेलचा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा पुसून फिल्टर रिकामा होत नाही. त्याला हायवेवर सलग चालवून रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, पूर्ण करू द्यायचं, पुस्तिकेत वेग आणि वेळ दिलेला असतो. वॉरंटीतल्या गाडीचे कोड तर अजिबात पुसू नका. पुरावा तुम्हीच नष्ट करताय, नंतर सर्व्हिस सेंटरवाला ‘आमच्याकडे काही दिसत नाही’ म्हणाला तर भांडायला काही उरत नाही.

गॅरेजला जायचंच झालं तर स्क्रीनशॉट दाखवा आणि सांगा: कोड हा, रीसेट या तारखेला, दिवा इतक्या किलोमीटरनंतर परत आला, तेव्हा गाडी गरम होती की थंड, गॅसवर की पेट्रोलवर, एसी चालू की बंद. सेन्सर बदलायचा म्हणाले तर आधी कपलरपाशी व्होल्टेज मोजलं का ते विचारा, आणि बदलला तर जुना पार्ट डिकीत ठेवून घ्या. कोड त्यानंतरही आलाच, तर जुनाच पार्ट परत लावून बघता येतो.